खालच्या कप्प्यात दही गोठतंय : सेन्सर बदलावा, बोर्ड बदलावा की फ्रीजच?

पत्राचा गोषवारा : कोथरूडच्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात २६० लिटरचा दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे. पाच वर्षं झाली, वॉरंटी संपली. पावसाळा लागल्यापासून खालच्या कप्प्यात दह्यावर बर्फाची पापडी धरते, कोथिंबीर कडक होते आणि बाहेर काढली की काळी पडते, ट्रेमधल्या काकड्या पिचपिचीत होतात. वरचा फ्रीझर मात्र नेहमीसारखाच वाटतो. रेग्युलेटर सगळ्यात कमीवर आणूनही फरक नाही. पहिल्या मेकॅनिकने दहा मिनिटांत सांगितलं, "पीसीबी (म्हणजे फ्रीज चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय, साडेसहा हजार." दुसरा म्हणाला, "गॅस जास्त झालाय, थोडा काढावा लागेल." यजमान म्हणतात, आता नवाच घेऊ. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने सेन्सर गेल्याचं ठरवून नवा सेन्सर मागवलासुद्धा. तो स्वतः बसवायचा त्याचा हट्ट आहे आणि ताईंना विजेची भीती वाटते. सासूबाईंचं इन्सुलिन याच फ्रीजमध्ये असतं. "कुणाचं ऐकू? आणि मुलाला हात लावू देऊ का?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, फ्रीजचं पुढे बघू, आधी सासूबाईंचं इन्सुलिन. ज्या कप्प्यात दही गोठतं, तिथलं इन्सुलिनही गोठलं असेल असं धरूनच चाला. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. ते एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नाही. बाटली उजेडात धरून ते गोठलं होतं का हे खात्रीने कळत नाही, म्हणून नजरेवर विसंबू नका. आजच नवं आणा, दुरुस्ती होईपर्यंत शेजारच्या घरी ठेवा. गेल्या महिन्यात त्यांची साखर कारण नसताना वाढली असेल तर डॉक्टरांना फ्रीजची ही हकीकत जरूर सांगा. चालू वापरातली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, पण कमाल तापमान कुठे २५ तर कुठे ३० अंश दिलेलं असतं. खोक्यातला कागद वाचा किंवा औषधवाल्याला विचारा.

आता फ्रीज. तुमच्याकडे चार जणांची चार मतं आहेत, पण एकाही मताबरोबर आकडा नाही. खालचा कप्पा किती अंशांवर जातो? फ्रीझर किती अंशांवर आहे? सेन्सरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किती भरला? हे कुणीच मोजलेलं दिसत नाही. पहिला मेकॅनिक फसवतोय असंही लगेच समजू नका. बोर्ड बदलताना सगळे कनेक्टर काढून पुन्हा दाबून बसवले जातात, आणि बऱ्याचदा दोष त्या सैल किंवा गंजलेल्या कनेक्टरमध्येच असतो. फ्रीज सुरळीत चालू लागतो, मेकॅनिकला मनापासून वाटतं की बोर्डच गेला होता, आणि पुढच्या घरीही तो तेच सांगतो. कनेक्टर साफ करण्यासाठी गिऱ्हाईक मात्र साडेसहा हजार मोजतं.

"गॅस जास्त झालाय" हे मात्र सरळ बाजूला ठेवा. फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांत फिरतो. तो गळून कमी होऊ शकतो, आपोआप वाढू शकत नाही. मधल्या काळात कुणी गॅस भरला नसेल तर तो जास्त होण्याचा प्रश्नच नाही. आणि फ्रीझर नीट थंड आहे, खालचा कप्पा तर गरजेपेक्षा जास्त थंड होतोय, म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस आपलं काम चोख करताहेत. त्यांना 'आता पुरे' असं कुणीतरी सांगायचं असतं, ते सांगणं चुकतंय. चांगली चालणारी बंद यंत्रणा उघडून त्यातला गॅस काढायला कुणालाही परवानगी देऊ नका.

मोजायला काय लागेल? उणे अंश दाखवणारं एक डिजिटल थर्मामीटर. वायरला टोक असलेलं असेल तर उत्तम, म्हणजे दार न उघडता वाचता येतं. तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, तो साधारण ३२-३५ अंशांच्या खाली काही सांगत नाही. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवा, टोक त्यात बुडवा आणि रात्रभर राहू द्या. नुसत्या हवेचं तापमान दार उघडलं की चटकन वर जातं आणि पंखा सुरू झाला की खाली येतं; पाणी त्यातली सरासरी धरतं. सकाळी पहिल्यांदा दार उघडण्याआधीचा आकडा लिहून घ्या. फ्रीझरमध्ये टोक दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये ठेवा. असं तीन दिवस करा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर तो दिवस सोडून द्या. खाली ३ ते ५ अंश आणि वर उणे १८ च्या आसपास, हे निरोगी फ्रीजचे आकडे. ग्लासातल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय दिसली तर खाली शून्य किंवा त्याहून कमी आहे हे थर्मामीटरशिवायही कळेल.

फ्रीझरचा आकडा खास महत्त्वाचा आहे. तो नेहमीसारखा उणे १८-२० असेल आणि फक्त खालचा कप्पा शून्याखाली जात असेल, तर संशय खालच्या कप्प्याचा सेन्सर आणि वरून खाली थंड हवा सोडणारी झडप, म्हणजे डँपर, या दोघांवर. फ्रीझरही उणे २५ च्या खाली उतरला असेल तर कॉम्प्रेसर थांबतच नाही असा अर्थ निघतो. मग कॉम्प्रेसरला हुकूम देणारा सेन्सर, त्याची वायर, किंवा बोर्डावरचा चिकटून बसलेला रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) यांच्याकडे वळायचं. काही मॉडेलमध्ये हा हुकूम फ्रीझरच्या सेन्सरचा चालतो, काहींत खालच्या. म्हणून 'फ्रीझर नेहमीसारखा वाटतो' यावर थांबू नका. उणे १८ आणि उणे २६ मधला फरक हाताला कळत नाही.

काही साध्या गोष्टी याआधीच तपासायला हव्यात, कारण त्यांना पैसे लागत नाहीत. गोठणाऱ्या वस्तू मागच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीसमोरच असतात का? तिथून येणारी हवा शून्याच्या बरीच खाली असते. जाळीला टेकलेलं दही चांगल्या फ्रीजमध्येही गोठतं. जाळीसमोर चार बोटं जागा मोकळी ठेवा. दुसरी गोष्ट रेग्युलेटरची. बऱ्याच दोन दारांच्या फ्रीजमध्ये दोन कळा असतात. वरच्या कप्प्यातली सरकती कळ फ्रीझरचं तापमान ठरवते असं सगळ्यांना वाटतं, पण अनेक मॉडेलमध्ये ती फक्त हवेची वाटणी करते. ती 'कमी'कडे सरकवली की वर कमी आणि खाली जास्त हवा जाते, म्हणजे खालचा कप्पा आणखी गारठतो. तुम्ही 'सगळ्यात कमी'वर आणली ती कळ कुठली होती, हे एकदा बघा. आणि दारावर आकडे दिसणारा फ्रीज असेल तर तो आकडा बऱ्याचदा तुम्ही मागितलेल्या तापमानाचा असतो, आत खरोखर असलेल्या तापमानाचा नव्हे.

ज्यांचा फ्रीज ड्राय बाल्कनीत आहे त्यांच्यासाठी एक. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा खालच्या कप्प्यात बाहेरून उष्णता जवळजवळ येतच नाही, आणि फ्रीझरच्या हुकमावर चालणाऱ्या फ्रीजमध्ये खालच्या वस्तू गोठतात. तो बिघाड नसतो. तुमचा त्रास भर पावसाळ्यात सुरू झाला, म्हणून तुमच्या बाबतीत हे कारण धरत नाही.

पावसाळ्याचा उल्लेख तुम्ही सहज केलात, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. फ्रीजचा सेन्सर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक थर्मिस्टर, प्लॅस्टिकच्या टोपीत राळेने बंद केलेला, दोन वायरींचा. तापमान उतरलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, तापमान चढलं की घटतो. बोर्ड त्यावरून अंश ठरवतो. एक नेहमीचा प्रकार घेऊ : २५ अंशांना १० किलोओहम. तो ४ अंशांना सुमारे २७ आणि शून्याला सुमारे ३३ किलोओहम दाखवतो. आता टोपीला बारीक चीर गेली आणि आत दमट हवेचं पाणी धरलं. ते पाणी थर्मिस्टरच्या दोन टोकांमध्ये वीज झिरपायला आडवाट करून देतं. समजा ही आडवाट १०० किलोओहमची आहे. खरं तापमान ४ अंश असताना बोर्डाला २७ ऐवजी २१ किलोओहम दिसतात, आणि बोर्ड समजतो की आत ९ अंश आहेत. तो थंड करत राहतो. बोर्डाला २७ दिसेपर्यंत खरं तापमान उणे २ च्या जवळ गेलेलं असतं. तुमचं दही नेमकं इथे गोठतं. सेन्सर तुटलेला नसतो, वायर जोडलेली असते, म्हणून बोर्ड कुठलाही एरर दाखवत नाही. रेग्युलेटर कमीवर आणून मिळणाऱ्या एक-दोन अंशांनी ही पाच-सहा अंशांची चूक भरून निघत नाही.

उलटा प्रकारही नेहमी दिसतो आणि अनेक वाचकांची तक्रार तीच असते : फ्रीज थंडच होत नाही, दूध नासतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला की वाटेत जास्तीचा रेझिस्टन्स येतो. तो नुसता ५ किलोओहम असला तरी वरच्या उदाहरणात आत ८ अंश असताना बोर्डाला ४ अंश वाटतात आणि तो निवांत थांबतो. ८ अंशांना दूध लवकर नासतं. सेन्सरची वायर पूर्ण तुटली किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर बहुतेक बोर्ड ते ओळखतात, एरर दाखवतात किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतात आणि ठरावीक वेळापत्रकाने फ्रीज चालवत राहतात. त्या खुणांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो मॅन्युअलमध्ये बघायचा, दुसऱ्या कंपनीच्या व्हिडिओत नाही.

खालचा कप्पा हळूहळू, आठ-पंधरा दिवसांत गरम होत गेला आणि फ्रीझरच्या मागच्या पत्र्यावर बर्फ धरला, तर तापमानाच्या सेन्सरला दोष देऊ नका. तिथे बर्फ वितळवणारी व्यवस्था बंद पडलेली असते : हीटर, त्याचा फ्यूज, किंवा कॉइलला लावलेला वेगळा डीफ्रॉस्ट सेन्सर. फ्रीज रिकामा करून, दारं उघडी ठेवून २४ तास बंद ठेवा. नंतर तो आठवडाभर छान चालला आणि पुन्हा तेच झालं, तर निदान जवळजवळ पक्कं. तो हीटर २३० व्होल्टवर चालतो, ते काम मेकॅनिकचं. आणि एक दाराचा साधा, गोल रेग्युलेटरचा फ्रीज असेल तर त्यात बहुधा असला सेन्सर नसतोच. गॅस भरलेली एक बारीक नळी फ्रीझरला टेकवून क्लिपने बसवलेली असते. क्लिप निसटली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर वेळेवर बंद करत नाही आणि सगळं गोठतं; ती नळीच फुटली तर कॉम्प्रेसर सुरू होत नाही. तिथे ऑनलाइन सेन्सर मागवून उपयोग नाही.

तुमच्या मुलाने सेन्सर आधी मागवला आणि मोजायचं राहिलं, हे उलटं झालं खरं, पण तो नवा सेन्सर तपासणीला फार कामाचा आहे. त्याला सांगा : रेझिस्टन्स मोजणारा एक मल्टिमीटर आण, पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत साधा मिळतो. प्लग काढ. खालच्या कप्प्यातला सेन्सर बहुतेक वेळा बाजूच्या किंवा मागच्या भिंतीवर छोट्या जाळीदार झाकणाखाली असतो. ते झाकण खाचेत पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून हलकेच उचल. कनेक्टर सोडव. सेन्सर बोर्डाला जोडलेला असताना मोजलं तर बोर्डावरचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो आणि आकडा चुकतो.

मग एका स्टीलच्या पेल्यात काठोकाठ कुटलेला बर्फ भरा आणि त्याच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झालं. पाच मिनिटं ढवळत राहा, म्हणजे शून्य अंश मिळतात. जुना आणि नवा असे दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी त्यात बुडवा, कनेक्टर कोरडे राहतील एवढेच. बरेच जण सेन्सर भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळतात. तसं करू नका. चांगल्या सेन्सरला पाण्याचं काही वाटत नाही, आणि चीर असलेला सेन्सर पाण्यातच उघडा पडतो. मीटर २०० किलोओहमच्या रेंजवर ठेवा. मीटरच्या दोन्ही पिना बोटांनी दाबून धरू नका, अंगातून वीज झिरपते आणि आकडा कमी येतो. कनेक्टरमध्ये टेकवा किंवा क्लिप लावा. पाच मिनिटांनी पहिला आकडा लिहा, मग दहा, वीस आणि चाळीस मिनिटांनी. १० किलोओहमच्या प्रकाराला २७ ते ३३, ५ किलोओहमच्या प्रकाराला १३ ते १६ हा शून्याचा साधारण पल्ला आहे. शून्याच्या आसपास एका अंशाला सुमारे ५ टक्के फरक पडतो, म्हणून दोन सेन्सरमध्ये पाचेक टक्क्यांची तफावत आली तर घाबरायचं कारण नाही. जुना नव्यापेक्षा २०-२५ टक्क्यांनी कमी भरला, किंवा चाळीस मिनिटांत त्याचा आकडा हळूहळू खाली घसरत गेला, तर आत पाणी आहे. सापडला. वायर हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर दोष वायरीत किंवा सांध्यात.

एक सावधगिरी. फ्रीज एक दिवस बंद ठेवून मग मोजू नका. सेन्सर वाळतो आणि मीटरवर अगदी निरोगी दिसतो. याच कारणाने '२४ तास बंद ठेवल्यावर चार दिवस बरा चालला' या अनुभवावरून तुमच्या तक्रारीत काही ठरत नाही, कारण तेवढ्यात डँपरमध्ये अडकलेला बर्फही वितळतो आणि सेन्सरमधलं पाणीही वाळतं. दोघांत फरक करायला पेल्यातली चाचणीच हवी.

नवा सेन्सर बसवण्याआधी तो तुमच्या मॉडेलचाच आहे याची खात्री करा. फ्रीजच्या आत बाजूच्या भिंतीवर मॉडेल नंबरचं लेबल असतं, त्याच्याशी जुळवा. वायरचा रंग आणि टोपीचा आकार सारखा असणं पुरेसं नाही. १० किलोओहमच्या जागी ५ किलोओहमचा बसवला तर ४ अंशांना बोर्डाला १८ अंश भासतात आणि कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. मग 'सेन्सर बदलूनही तेच, म्हणजे बोर्डच गेला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन्ही सेन्सर खोलीत तासभर शेजारी ठेवून मोजा. जुना नव्याच्या निम्मा किंवा दुप्पट आला तर ते वेगळ्या जातीचे आहेत.

जुना सेन्सर पेल्यात खरा उतरला तर काय? तेव्हा बोर्डाची परीक्षा घ्यायची, आणि ती साडेसहा हजारांची नाही, दोन-चार रुपयांची आहे. सेन्सरच्या जागी साधे रेझिस्टर लावायचे. १० किलोओहमच्या प्रकाराला ३३ किलोओहम लावला की बोर्डाला शून्य अंश भासतात. कॉम्प्रेसर थांबायला हवा किंवा डँपर बंद होऊन जाळीतली हवा थांबायला हवी. १० किलोओहम लावला की २५ अंश भासतात. कॉम्प्रेसर चालू व्हायला किंवा हवा सुटायला हवी. ५ किलोओहमच्या प्रकाराला हेच १५ आणि ४.७ ने करायचं. प्रत्येक बदल प्लग काढूनच, आणि प्लग लावल्यावर किमान १० मिनिटं थांबून बघायचं, कारण कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी बोर्ड मुद्दाम काही मिनिटं थांबतो. दोन्ही वेळा बोर्ड बरोबर वागला तर तो निर्दोष आहे. चुकला तर पहिला मेकॅनिक बरोबर होता, आणि तसं त्याला मोकळेपणाने सांगा.

हुकूम बरोबर जातोय पण हवा थांबत नाही, तर डँपर. दार उघडलं की पंखा बंद होतो, म्हणून दाराचं बटण बोटाने दाबून धरा (बटण नसेल तर चौकटीत चुंबकाचा स्विच असतो) आणि जाळीसमोर टिश्यू पेपरची अरुंद पट्टी धरा. बोर्डाला शून्य भासत असतानाही पट्टी जोरात फडफडत राहिली तर झडप बर्फाने किंवा तुटलेल्या दात्यामुळे उघडीच अडकली आहे.

आता मुलाला हात लावू द्यावा का? 'हो' किंवा 'नाही' यांत याचं उत्तर बसत नाही, कामाचे भाग पाडावे लागतात. खालच्या कप्प्यातला सेन्सर काढणं, मोजणं, बसवणं त्याला करू द्या. त्या वायरींत ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी असतात, आणि प्लग काढलेला असेल तर तेही नाहीत. नुसतं स्विच बंद करून चालणार नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. फ्रीजच्या मागचं बोर्डाचं झाकण मात्र त्याने एकट्याने उघडू नये. इन्व्हर्टर फ्रीजच्या बोर्डावर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकते. अनुभवी माणूससुद्धा दहा मिनिटं थांबतो. रेझिस्टरची चाचणी जाणत्या मेकॅनिकसमोर करा. फ्रीझरच्या मागचा पत्रा उघडायचा मोहही टाळायला सांगा. बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडताना ॲल्युमिनियमच्या नळीला भोक पडलं की शंभर रुपयांच्या भागापायी फ्रीज गमवायची वेळ येते. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर आर-६००ए असेल तर तो गॅस आयसोब्युटेन आहे, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच जातीचा आणि तसाच पेट घेणारा.

नवा सेन्सर जोडतानाच अर्ध्या दुरुस्त्या फसतात. कनेक्टर भिंतीतल्या फोममध्ये गाडलेला असेल तर वायर कापून सांधावी लागते. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली की सहा महिन्यांत ओल आत जाते आणि हेच दुखणं परत येतं. दोन सांधे एकासमोर एक न करता दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे करा. आत जेल असलेले दाबाचे कनेक्टर वापरा, किंवा सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. सोल्डरिंग फ्रीजची दारं बराच वेळ उघडी ठेवून, हवा खेळती असताना करायचं. सांधा वरच्या बाजूला राहू द्या आणि वायरला खाली एक लहानसा झोल द्या, म्हणजे थेंब सांध्यापर्यंत न जाता झोलावरून गळून पडेल. या वायरींना उलटसुलट नसतं, कुठलीही कुठेही चालते. सेन्सरचं टोक मूळच्याच खोबणीत बसवा. लोंबता राहिला तर तो भलत्याच जागेचं तापमान सांगेल.

मेकॅनिकला बोलवायचंच झालं तर फोनवरच सांगा, "दादा, सेन्सरचं रीडिंग मीटरवर दाखवूनच पार्ट बदलायचा." जो हे सहज मान्य करतो, त्याला काम द्या. बदललेला जुना भाग मागून घ्या, बिलावर भागाचं नाव आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. बिल आणि वॉरंटी लेखी असूनही कुणी हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

यजमानांनाही एवढं सांगा की नव्या फ्रीजचा विचार गॅसची गळती, कॉम्प्रेसर किंवा भिंतीतली नळी गेली तर करू. त्यातही आधी जुनं वॉरंटी कार्ड बघा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला १० वर्षं देतात. सेन्सर काही शे रुपयांचा, डँपर त्याहून थोडा महाग. कॉम्प्रेसर धडधाकट असलेला पाच वर्षांचा फ्रीज त्यासाठी काढून टाकणं मला पटत नाही.

दुरुस्तीनंतर रेग्युलेटर मधोमध ठेवा आणि पाण्याचा ग्लास पुन्हा मधल्या फळीवर ठेवा. पहिले २४ तास आकडा स्थिर होणार नाही, ते सोडून द्या. त्यानंतर सलग तीन सकाळी तो ३ ते ५ अंशांच्या मध्ये राहिला, की शेजारून सासूबाईंचं इन्सुलिन परत आणा आणि झाकणाच्या डब्यात, मधल्या फळीच्या पुढच्या बाजूला, जाळीपासून लांब ठेवा. थर्मामीटरचं टोक त्याच डब्याशेजारी कायमचं राहू द्या.